तेरा दिवसांचा खाडा

२८ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार. नागपूर

बॅग भरून तयार होती, तरी सकाळी सहाला मैदानावर गेलेच. महाल भागातलं आमचं मैदान म्हणजे दोन जुन्या वाड्यांच्या मधला मातीचा तुकडा. पावसाळा संपला की आम्ही तो खणतो, खडे वेचतो, पाणी मारतो आणि फक्कीनं रेषा आखतो. कबड्डीला एवढं पुरतं. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे बारापैकी सातच पोट्ट्या आल्या होत्या, आणि त्या सातांनाही सरावापेक्षा मी निघाले कुठं याचीच उत्सुकता.

“मॅडम, रग्बी पाहाले इतक्या दूर?”

“नुसतं रग्बी नाही, रग्बी लीग. वेगळा खेळ आहे. बायकांचा विश्वचषक आहे.”

“तिथं कबड्डी नाही का?”

खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलाही हा खेळ माहीत नव्हता. टाळेबंदीत शाळा बंद, मैदान बंद. मी घरी बसून मोबाइलवर पकडी बघायचे. जगात जिथं जिथं माणूस माणसाला धरून पाडतो ते सगळं. त्यात एकदा ऑस्ट्रेलियाच्या मुलींचा सामना लागला. एकीनं पळतीची मांडी अशी धरली की मी खाटेवरून उठूनच बसले. ही तर आपली थाई होल्ड! तेव्हापासून नाद लागला. भाची लीड्सला नर्स आहे. ती म्हणाली, “मावशी, वर्ल्डकप माझ्या घराजवळ आहे. तू फक्त ये.” स्पर्धा खरी २०२१ ची, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं करोनामुळे अंग काढून घेतलं म्हणून वर्षभर पुढं गेली. ते माझ्या पथ्यावर पडलं.

रजेचं मात्र जमलं नाही. दिवाळीची सुट्टी ८ नोव्हेंबरला संपते. पुढचे अकरा दिवस मागितले तर शाळेकडून उत्तर आलं, बिनपगारी. वर मधले दोन रविवारही धरले. झाले तेरा. “नियमच आहे मॅडम,” क्लार्क म्हणाले. घरी सासूबाईंनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, “तेरा दिवस? सुतकच झालं की मग!”

निघताना आमची लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या कोपऱ्यावरची पकडवाली, घुटमळत जवळ आली. सतरा वर्षांची, अंगानं काडी, पण तिच्या हातात घोटा सापडला की चढाईवाली संपली. २७ नोव्हेंबरला निवड चाचणी आहे.

“मॅडम, सत्तावीसला मोठी तारीख आहे न. दोन लग्नं आहेत. आई अन् मी पोळ्यांवर जातो. मी नाही आली तर?”

“मग नको येऊ,” मी म्हटलं. “खेळायचं असेल तर खाडा पडणारच. आमचेही पडले.”

ती काही बोलली नाही. परत जाऊन कोपऱ्यावर उभी राहिली.

३० आणि ३१ ऑक्टोबर. प्रवास

नागपूर ते मुंबई, मुंबईहून आखातात विमान बदलून मँचेस्टर. याच्यात लिहिण्यासारखं एवढंच, की सावजी मसाल्याची पुडी बॅगेत फुटली. दोन स्वेटर, एक शाल आणि तिकिटांच्या प्रिंटसुद्धा काळ्या मसाल्यात न्हाल्या. मँचेस्टरहून लीड्सची ठरलेली गाडी रद्द. पुढची दोन तासांनी. भाचीनं मिठी मारली आणि म्हणाली, “मावशी, तुझ्या अंगाला इतवारीचा वास येऊन राहिला.”

१ नोव्हेंबर, मंगळवार. हेडिंग्ली, लीड्स

हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला २००२ ची कसोटी आठवते. सचिन १९३, द्रविड १४८, गांगुली १२८ आणि डावानं विजय. मला कुठं माहीत, की त्याच आवारात पाठीला पाठ लावून रग्बी लीगचं मैदान आहे! मधला एक स्टँड तर सामाईक. एका अंगाला बसलात तर क्रिकेट, दुसऱ्या अंगाला बसलात तर रग्बी. जुन्या वाड्यात दोन भावांनी मधे भिंत घालून घ्यावी तसं.

ढग, बोचरा वारा, आणि आम्ही पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन. पहिला सामना इंग्लंड आणि ब्राझील. ब्राझील हा विश्वचषकात आलेला दक्षिण अमेरिकेतला पहिलाच संघ. शेजारी एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे, जवळच्या फेदरस्टोन गावचे. त्यांचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना. भाची मधे दुभाषी. ते मला प्रत्येक वाक्यात ‘लव्ह’ म्हणत होते. मी दचकले तशी भाची हसली. “अगं, इकडे असंच बोलतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसं.”

आजोबांनी नाक वर करून दोनदा वास घेतला. शाल! मी चिवडा पुढं केला, म्हणजे दोष चिवड्यावर जाईल.

खेळ असा. दोन्हीकडे तेरा-तेरा जणी. चेंडू हातानं फक्त मागे द्यायचा, पुढं जायचं ते पळून किंवा लाथ मारून. समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण. मग खांबांमधून लाथ मारली की आणखी २. एवढं मला घरूनच पाठ होतं. पण मोबाइलवर जे दिसत नाही ते इथं दिसलं. पकड झाली, मुलगी पडली, की खेळ संपत नाही. पकडणाऱ्या बाजूला होतात. पडलेली उठते, चेंडू समोर मातीत ठेवते आणि बुटाच्या तळव्यानं हलकेच मागं सरकवते. मागं उभी असलेली तो उचलते आणि पुन्हा सुरू. हे उठणं मी मोजत बसले. पडल्यापासून चेंडू मागं जाईपर्यंत दोन, फार तर तीन श्वास. तोंडाला चिखल, एक मोजा खाली आलेला, पण डोळे आधीच पुढच्या रांगेवर. असं पाच वेळा. सहाव्या पकडीत चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. म्हणून पाचवी पकड झाली की शक्यतो लाथ मारून चेंडू लांब घालवतात.

आपल्याकडे दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘डू ऑर डाय’ असते, तशी ही सहावी. फरक एवढाच, की आपली चढाईवाली एकटी जाते. पकडली गेली तर बाहेर बसते, कोणीतरी तिला जिवंत करेपर्यंत. इथं पडलेल्या बाईनं स्वतःच उठायचं आणि दोन श्वासांत कामाला लागायचं. मला हा नियम घरचाच वाटला.

इंग्लंड ७२, ब्राझील ४. आकडा वाचून वाटेल एकतर्फी, कंटाळवाणा. होताच एकतर्फी. पण ते ४ झाले तेव्हा स्टँडमधले इंग्रज उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आजोबांनी टोपी काढली होती.

लगेच दुसरा सामना. पापुआ न्यू गिनी ३४, कॅनडा १२. पापुआ न्यू गिनीत हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. पण त्यांच्या बायकांचा विश्वचषकातला हा पहिलाच विजय. त्यांच्या संघाला ऑर्किड्स म्हणतात. नाव फुलाचं आणि पकड मगरीची. बुटक्या, दणकट, कमरेखाली धरणाऱ्या. पाहताना मला सारखी आमची एक पोट्टी आठवत होती. वजन ७८. कबड्डीत बायकांना ७५ किलोची मर्यादा. गेल्या वर्षी वजनकाट्यावर उभी केली, काटा पुढं गेला आणि तिचं नाव गेलं. तरी ती रोज येते. फक्की टाकते, पाण्याच्या बाटल्या भरते. या खेळात वजनाला मर्यादा नाही. मधोमध घुसायला प्रॉप, म्हणजे आघाडीच्या दणकट खेळाडू लागतात आणि प्रॉपला किलो लागतात. मी तिला रात्री व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “मॅडम ही तर माझ्यापेक्षा जाड आहे,” आणि पुढं हसण्याचे अकरा चेहरे.

२ ते ५ नोव्हेंबर. लीड्स

भाचीच्या ड्युट्या. मी एकटी. पाऊस. कपडे दोनदा धुतले, वास गेला नाही. तुळशीच्या लग्नाला भाचीच्या कुंडीतल्या पुदिन्यालाच ओवाळलं.

६ नोव्हेंबर, रविवार. हडर्सफील्ड

आजोबांनी त्या दिवशी सांगितलं होतं, खेळ पाहायला आलीस ना लव्ह, मग हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल पाहून जा. रेल्वेचा संप ऐनवेळी मागं घेतला गेला होता, पण गाड्यांची घडी बसलेली नव्हती. वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला सकाळचे दोन तास लागले.

स्टेशन बघून मी थबकले. देवळासारखे उंच दगडी खांब, पुढं फरसबंद चौक, चौकात ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचा चालता पुतळा. आणि चौकाच्या कडेला जॉर्ज हॉटेल. बंद. बरीच वर्षं बंद. थंडीत नाक गाळत आम्ही एका बंद हॉटेलाकडे बघत उभ्या. “मावशी, हेच का?” भाची म्हणाली. हेच.

२९ ऑगस्ट १८९५ ला इथं उत्तर इंग्लंडच्या क्लबांची बैठक झाली. त्या वेळी रग्बी एकच होतं आणि ते हौशी होतं. म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत. आता लंडनकडच्या वकील-डॉक्टर-जमीनदारांच्या पोरांना हौस परवडत होती. यॉर्कशर-लँकशरमधले खेळाडू होते खाणीतले, गिरणीतले, गोदीतले. शनिवारी अर्धा दिवस कामाचा. सामना लांबच्या गावी असला की मजुरी बुडाली. उत्तरेचे क्लब म्हणत होते, खेळायचे पैसे नकोत, बुडालेल्या मजुरीचे तरी देऊ द्या. १८९३ मध्ये ही मागणी फेटाळली गेली. दोन वर्षांनी २२ क्लब सरळ वेगळे झाले आणि त्यांनी दिवसाला ६ शिलिंगपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. पुढं १९०६ मध्ये पंधराचे तेरा झाले, पडल्यावर उठून चेंडू मागं सरकवायचा नियम आला आणि खेळ पुरता निराळा झाला. इंग्रजीत त्या भरपाईला मोडक्या वेळेचे पैसे अशा अर्थाचा शब्द आहे. मला तो कशाला हवा! आपल्याकडे शब्द आहे, खाडा. अख्खा खेळ खाड्यावरून जन्मला.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात काढलेली मिल. आजी सांगायची, भोंगा वाजला की अख्खी वस्ती घड्याळासारखी हलायची. आजोबा कुस्ती खेळायचे. नागपंचमीच्या दंगलीला गेले की एक खाडा, आणि त्या दिवशी आजी त्यांच्याशी बोलायची नाही. आम्ही हे हसत ऐकायचो. आजी का बोलत नसेल, ते त्या थंड चौकात उभं राहिल्यावर डोक्यात आलं. घरात सहा तोंडं होती.

आणि मग दुसरं आठवलं, ते जास्त लागलं. “खेळायचं असेल तर खाडा पडणारच.” हे मी बोलले होते. नऊ दिवसांपूर्वी. ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये, हा १८९५ मधल्या साहेबलोकांचा सूर होता, आणि तोच माझ्या तोंडून महालातल्या मैदानावर निघाला. मिलमजुराची नात मी. माझा खाडा तेरा दिवसांचा असला तरी घरी आमच्या यांचा पगार आहे. तिच्या आईला पोळ्यांवर जाताना हीच दुसरी जोडीदार. माझे खाडे आणि तिचे खाडे मी एका वाक्यात कसे बसवले, कोण जाणे.

भाचीला म्हटलं, चल, चहा पिऊ. चहा अगदीच पाणचट होता.

१० नोव्हेंबर, गुरुवार. यॉर्क

यॉर्क सुंदर आहे. जुनी तटबंदी, तिच्यावरून चालता येतं, अवाढव्य चर्च, अरुंद गल्ल्या. ते सगळे लिहितात, मी लिहीत नाही. स्टेडियम गावाबाहेर, २०२१ मध्ये उघडलेलं, साडेआठ हजारांचं. आपल्या नागपूरच्या जामठा क्रिकेट स्टेडियमच्या मानाने पोरगंच. पण छोट्या मैदानाचा फायदा असा, की पकडीचा आवाज ऐकू येतो. धप्प. आणि मग फुफ्फुसातून हवा निघते तो हुं.

ऑस्ट्रेलिया १०, न्यूझीलंड ८. गटातला सामना, दोघीही पुढं जाणार हे जवळजवळ ठरलेलं, तरी अशा खेळल्या, की ओठ चावून चावून माझा ओठ सुजला. याआधी ऑस्ट्रेलियानं कुक आयलंड्सला ७४-० आणि फ्रान्सला ९२-० असं धुतलं होतं. इथं त्यांना एकेक मीटर विकत घ्यावा लागला. सामन्याआधी न्यूझीलंडच्या बायका ‘हाका’ नावाचं माओरी युद्धनृत्य करतात. मांडीवर थाप, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. मला तर आपल्याकडे मांडीवर थाप मारून चढाईला जाणाऱ्या पोट्ट्याच आठवल्या, फक्त तेरा एकदम.

पकडी मी वहीत काढून घेतल्या. एकजण कमरेला, दुसरी चेंडूवर, तिसरी पायाला. आमची साखळी यापेक्षा वेगळी नाही. खांद्याच्या वर धरलं की दंड. आपल्याकडेही गळ्याला हात चालत नाही. एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी. पकड झाली की बचावाचा अख्खा संघ दहा मीटर मागं पळतो आणि पुन्हा रांगेनं पुढं येतो. दर पकडीला. ऐंशी मिनिटं. आमच्या पोट्ट्या दोन चढायांनंतर कमरेवर हात ठेवतात.

१४ नोव्हेंबर, सोमवार. पुन्हा यॉर्क

दोन्ही उपांत्य सामने आज. ऑस्ट्रेलियानं पापुआ न्यू गिनीला ८२-० असं हरवलं. त्यावर मी काही लिहीत नाही, माझ्या ऑर्किड्स होत्या त्या.

इंग्लंड ६, न्यूझीलंड २०. फेदरस्टोनचे आजोबा पुन्हा भेटले, मुद्दाम आमच्याजवळ येऊन बसले. चिवडा संपला होता, संत्रा बर्फी दिली. सामना हातातून गेल्यावर ते म्हणाले, आमच्या मुली उद्या कामावर जातील. मला वाटलं गंमत करतात. तर खरंच. इंग्लंडच्या संघातल्या बहुतेक जणी नोकरी करून खेळतात. कर्णधार एमिली रज शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्यासारखी पीटीची बाई! समोर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मुलींना ऑस्ट्रेलियातली महिलांची व्यावसायिक लीग आहे, २०१८ पासून, करार करून पैसे मिळतात. कोण जास्त वेळ सराव करणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्या देशात हा खेळ मजुरीच्या भरपाईवरून जन्मला, तिथल्या बायकांनी सव्वाशे वर्षांनीही रजा टाकून खेळावं. पुरुषांचा प्रश्न १८९५ मध्ये सुटला, बायकांचा ‘विचाराधीन’. आमच्या शाळेच्या फायलीत असतो तसा.

एक बरं आहे ते सांगते. या विश्वचषकात पुरुष, महिला आणि व्हीलचेअर, तिन्ही स्पर्धांतल्या खेळाडूंना सहभागाचं मानधन सारखं ठेवलं आहे, आणि ६१ च्या ६१ सामने बीबीसीवर दाखवत आहेत. म्हणून तर हे मैदान भरलंय.

आजोबा स्वतः खाणीत होते. मी सांगितलं, आमच्याकडेही कोळशाच्या खाणी आहेत, आणि आमचा उमेश यादव खाणकामगाराचा मुलगा. त्यांना उमेश यादव माहीत होता! म्हणाले, मग तो लीगच खेळायला हवा होता.

१८ आणि १९ नोव्हेंबर. मँचेस्टर

शुक्रवारी रात्री व्हीलचेअरचा अंतिम सामना पाहिला. मँचेस्टर सेंट्रल नावाच्या सभागृहात; एके काळी ते रेल्वे स्टेशन होतं. बायका-पुरुष एकाच संघात खेळतात. पकड म्हणजे दंडावरची पट्टी ओढून काढायची. खुर्च्या एकमेकींवर आदळतात आणि उलट्या होतात. इंग्लंडनं फ्रान्सला २८-२४ असं हरवलं, कर्णधार टॉम हॅलिवेलच्या अगदी शेवटच्या मिनिटांतल्या ट्रायवर. तीन आठवड्यांत मी सगळ्यात जास्त इथं ओरडले. घसा बसला तो नागपूरपर्यंत.

शनिवारी सकाळी अँकोट्स भागात फिरलो. लाल विटांच्या सात-आठ मजली गिरण्या, कालव्याच्या काठानं उभ्या. आत आता महागडे फ्लॅट. आमच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल झाला, तसंच. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण आली. अमरावती-खामगावचा कापूस मुंबईहून इकडे यायचा आणि कापड होऊन आम्हालाच विकायला परत. भाचीला हे सांगत होते. ती म्हणाली, “मावशी, तू सुट्टीवर आहेस का संशोधनावर?”

ओल्ड ट्रॅफर्डला पिवळ्या ट्रामनं गेलो, दाटीवाटीनं. बायकांचा अंतिम सामना आधी, पुरुषांचा नंतर. शेवटी ६७,५०२ माणसं झाली होती. पण बायका हाका करत होत्या तेव्हा निम्म्या खुर्च्या लाल, रिकाम्या. लोक हळूहळू येत होते, हातात पेले, बायकांच्या सामन्याकडे पाठ करून आपल्या रांगा शोधत. दुसऱ्या डावात आवाज वाढला. ऑस्ट्रेलिया ५४, न्यूझीलंड ४. नऊ दिवसांपूर्वीचा १०-८ कुठं गेला, कळेना. ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक पकडीत तीन जणी, आणि सुटल्या की डाव्या कडेनं वाऱ्यासारख्या. २०१३, २०१७ आणि हा, सलग तिसरा विश्वचषक त्यांचा. पुरुषांतही ऑस्ट्रेलियाच, सामोआला ३०-१०.

न्यूझीलंडची एक मुलगी शेवटच्या शिट्टीनंतर गुडघ्यावर बसली होती. ऑस्ट्रेलियाची एक धावत जाऊन तिच्याशेजारी बसली. बोलल्या नाहीत. एकीनं दुसरीच्या बुटातून गवत काढलं.

बाहेर आल्यावर एक चेंडू विकत घेतला. किंमत पाहून पोटात गोळा आला, पण घेतला.

२१ नोव्हेंबर, सोमवार. नागपूर

विमानतळावरून येताना रस्त्यांना रंग चाललेला, दुभाजकांवर नवी झाडं. डिसेंबरात अधिवेशन, तेही करोनानंतर पहिल्यांदाच नागपुरात. खड्डे बुजताना पाहून बरं वाटतं, कोणासाठी का बुजेनात.

२३ नोव्हेंबर, बुधवार. महाल

चेंडू पाहून पोट्ट्या पिसाळल्या. पहिला अर्धा तास नुसता मागं द्यायला शिकण्यात गेला. कबड्डीवाल्यांना पुढंच जायची सवय, मागं वळून बघणंच माहीत नाही. मग सहा पकडींचा खेळ लावला. आमच्या ७८ किलोवालीला चेंडू दिला आणि म्हटलं, पळ सरळ. ती पळाली. चौघी तिच्या अंगाला लोंबकळत होत्या, तरी ती फक्कीची रेष ओलांडून गेली आणि चेंडू टेकवून तशीच पडून राहिली, हसत. पाठीवर चौघी. वाड्याच्या गॅलरीतून एक आजी म्हणाल्या, “काय करून राहिल्या व पोरी? मरतीन न!”

सराव संपल्यावर लेफ्ट कॉर्नरच्या घरी गेले. तिची आई कणकेची परात घासत होती.

“किती रोजी मिळते?”

“चारशे. दोन लग्नं म्हणजे आठशे, मॅडम.”

“आठशे मी देते. तिला सत्तावीसला सोडा.”

मला वाटलं होतं, झालं काम. वाटेत येताना सहा शिलिंगांचा हिशेबही करून झाला होता. त्या माउलीनं परात भिंतीला टेकवली. “पैसे द्याल मॅडम. पण एक हात कमी आला तर केटरर पुढच्या तारखेला बोलावन का? तो दुसऱ्या जोडीला धरते न.”

यावर मला उत्तर नव्हतं. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीत याचा विचार झाला असेल तर मला सापडला नाही.

दारात आमची ७८ किलोवाली उभी होती. चेंडू सोडवेना म्हणून माझ्या मागं मागं आलेली. म्हणाली, “मी जातो न हिच्या जागी. मले पोळ्या येतात. वजनावर तर नाही काढत न तिथं?”

२७ नोव्हेंबर, रविवार. नागपूर

चाचणीत लेफ्ट कॉर्नरनं पाच पकडी केल्या, त्यातल्या तीन घोट्याच्या. यादी अजून लागलेली नाही. तिच्या बुडालेल्या रोजीचे आठशे मी दिले. पोळ्यांचे आठशे जिनं लाटल्या तिला मिळाले, ते तिचेच. घरी मी काही सांगितलं नाही. या महिन्यात तसाही तेरा दिवसांचा पगार नाही, आठशेनं काय फरक पडतो.

संध्याकाळी मैदानावर पाणी मारत होते. सहाच्या सुमारास आमची ७८ किलोवाली थेट लग्नाच्या हॉलवरून आली. कोपरापर्यंत पीठ, केसांत धूर, हातात जिलेबीचा पुडा.

“साडेचारशे पोळ्या,” ती म्हणाली. पुडा माझ्या हातात दिला. “मॅडम, तो बॉल कुठं आहे?”

दिला. तिनं तो छातीशी धरला आणि त्या ओल्या मातीत, अंधार पडेपर्यंत, एकटीच या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळत होती. टेकवायची, उठायची, तळव्यानं मागं सरकवायची. मागं कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच वळून उचलायची. घरी आणला तेव्हा चेंडूवर पिठाचे पंजे होते.